मधली सुट्टी

(१९७५ च्या दहावीच्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुपारच्या जेवणाआधी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बोलायला दिलेली वेळ पाहून माझ्या लक्षात आलं, की शाळेतला कुठलातरी जुना हिशेब आज चुकता केला जातोय. पाऊण वाजलाय, मागच्या शेडमधून फोडणीचा वास येतोय आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघायचं सोडून त्या दाराकडे बघताय. घाबरू नका, मी फार वेळ घेणार नाही. आणि बोलणार आहे तेही जेवणाबद्दलच.

सकाळपासून गॅदरिंग झालं, खो-खोचा चषक झाला, छड्या झाल्या. आपण नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी, जुन्या अकरावीवाल्यांबरोबर एकाच वर्षी बाहेर पडलो, तेही सांगून झालं. माझ्या वाट्याला उरली मधली सुट्टी. रोजची चाळीस मिनिटं. कुठल्याही तासापेक्षा मला ती जास्त लख्ख आठवते.

घंटा झाली की आपली पांगापांग कशी व्हायची, आठवा. पेठेतली मुलं व्हरांड्यात. वाड्या-वस्त्यांवरून चालत येणारी लिंबाखाली. मुली वर्गाचं दार लोटून आत बसायच्या. त्यांच्या डब्यांत काय असायचं ते मला आजही माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणीतरी पुढच्या वेळी इथं उभं राहून ते सांगावं, अशी माझी विनंती आहे.

व्हरांड्यात ॲल्युमिनियमचे, कुणाकडे पितळी कल्हईचे डबे. चपाती, बटाट्याची नाहीतर वांग्याची कोरडी भाजी, लिंबाच्या लोणच्याची फोड. लिंबाखाली फडक्यात बांधलेल्या भाकरी. दोन भाकरी, त्यांच्या मध्ये झुणका नाहीतर शेंगदाण्याची चटणी, वर एक कांदा. कांदा बुक्कीने फोडायचा. सुरी कुणाकडे होती? आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कोरड्यास जरा बरं असायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी चटणीवर भागवायचं. मटकीची, हुलग्याची उसळ असली तर ती घट्ट आटवलेली. आमटी कुणाच्याच फडक्यात नसायची. तीन-चार कोस चालताना ती सांडणार, हे आयांना पक्कं ठाऊक होतं.

त्या वेळी मला हे सगळं गरिबीचं जेवण वाटायचं. पुढे कळलं, की त्यात केवढा विचार होता. ज्वारीची भाकरी पहाटे थापली तरी दुपारपर्यंत मऊ राहते. बाजरीची तव्यावरून उतरली की खावी, नंतर ती कडक होते. म्हणून थंडीत घरी बाजरी आणि शाळेत मात्र ज्वारी. शेंगदाण्याची चटणी विटत नाही. कांद्याने उन्हात तोंडाला पाणी राहतं. संक्रांतीनंतर नवा शाळू घरात आला की फडक्यातली भाकरी पांढरीशुभ्र दिसायची आणि लिंबाखालची मुलं ती आपणहून आम्हाला दाखवायची. तेवढे दोन महिने व्हरांडा मागे पडायचा. माझी चपाती देऊन मी कितीदा शाळूची अर्धी भाकरी घेतली असेल.

आता १९७२ कडे येतो. आपण आठवीत होतो.

त्याआधीची सालंही धड नव्हती, पण त्या वर्षी आपल्या माणदेशात ज्वारीचं ताट उभं राहिलं नाही. विहिरींचे तळ दिसले. निम्मी गावं दुष्काळी कामावर गेली. कुणी पाझर तलावावर, कुणी रस्त्याच्या खडीवर. आया दिवसभर खडी फोडायच्या आणि संध्याकाळी हाताला चिंध्या बांधून भाकरी थापायच्या. कामावर सुकडी वाटत. गूळ घातलेली ती तपकिरी भरड पोरं खिशात घालून शाळेत आणायची आणि तासाला चोरून खायची. आणि रेशनवर मिलो आला. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी.

मिलोची भाकरी ज्यांनी थापली त्यांनाच ती कळली. आधणाचं पाणी घालून मळलं तरी पीठ एकजीव होईना, थापताना कडा फाटत, आणि फडक्यात बांधलेली भाकरी दुपारपर्यंत चुरा होऊन जायची. रंग विटकरीसारखा. वास वेगळाच. लिंबाखाली आता पांढरं काहीच दिसत नव्हतं.

माझे वडील पोस्टात होते. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. तरी आमचंही रेशनकार्डच होतं आणि आमच्याही घरी मिलोच येत होता. आई थोडे गहू राखून ठेवायची आणि त्यांच्या दोन चपात्या फक्त माझ्या डब्यात जायच्या. रात्री आम्ही सगळे लाल भाकरीच खायचो. ही गोष्ट मी शाळेत कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतोय.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. गणितात माझ्या पुढे. त्याचं नाव मी इथून घेणार नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो. एके दिवशी त्याने लिंबाखाली फडकं सोडलं आणि त्यातून लाल चुरा सांडला. मी व्हरांड्यातून मोठ्याने म्हणालो, "अरे, विटा फोडून आणल्यास काय?" सगळे हसले. त्याची आई खडी फोडायला जाते हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो विनोद सुचला होता.

दुसऱ्या दिवशी तो लिंबाखाली आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मधल्या सुट्टीत तो टाकीच्या मागे जाऊन पाणी प्यायचा आणि घंटा होईपर्यंत तिथंच थांबायचा. हे मी पाहत होतो. पाहून गप्प होतो.

आपले विज्ञानाचे सर शिक्षकांच्या खोलीत जेवत. त्या आठवड्यात एके दिवशी ते डबा घेऊन व्हरांड्यात आले आणि आमच्यातच मांडी घालून बसले. टाकीकडे बघून त्यांनी त्याला हाक मारली, "ये रे, मला एकट्याला जेवण जात नाही." तो आला. सरांनी डबा उघडला. आत लाल भाकरी होती. सरांच्या डब्यात! आम्ही सगळे गप्प. त्यांनी अर्धी भाकरी त्याला दिली. मग एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. त्यांनी विचारलं, "ओळखीची लागते का रे?"

मी मान हलवली. बस्स, एवढंच. ते रागावले नाहीत, वर्गात काही बोलले नाहीत, वडिलांना चिठ्ठी धाडली नाही. गावात रेशनच्या रांगेत कोण उभं राहतं ते सरांना दिसत होतं. त्यानंतर पुष्कळ दिवस ते मधल्या सुट्टीत आमच्यात बसायचे.

उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा तिसरा बाक रिकामा होता.

मित्रहो, मी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि पुढे शिक्षण विस्तार अधिकारी झालो. नोकरीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे शालेय पोषण आहार. १९९५ मध्ये ही योजना आली तेव्हा मुलांना घरी न्यायला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. ऐंशी टक्के हजेरी भरली तरच. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात जायचा, त्यात मुलाच्या वाट्याला किती येई ते आईलाच ठाऊक. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळेत शिजवलेलं गरम अन्नच द्या. मग आपल्याकडे खिचडी सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. सोबत डाळ किंवा कडधान्य, भाजी, तेल, मीठ-मसाला.

या खिचडीची थट्टा खूप झाली. शिकवायचं सोडून तांदूळ मोजायला लावलं, म्हणून शिक्षकांनी माझ्याशी वाद घातले, आणि त्यांचं काही अगदीच चूक नव्हतं. खडे निघालेला तांदूळ मी पाहिलाय, पाण्यासारखी डाळही पाहिलीय. चुलीच्या धुरात दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या स्वयंपाकी बायकांचं तुटपुंजं मानधन महिनोन्‌महिने लांबलेलं पाहिलंय.

पण मुलांना वाढण्याआधी कुणीतरी चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम आहे. मी शाळेत गेलो की ती चव मी घ्यायचो. आणि नुसत्या चवीवर न थांबता ताट घेऊन मुलांच्या ओळीत बसायचो. सोबतचे लोक म्हणायचे, साहेब, तुमची खुर्ची ऑफिसात मांडलीय. त्यांना काय सांगणार? मला ती ओळ बघायची असायची. सगळ्यांच्या ताटात एकच पिवळी खिचडी. सरपंचाचा नातू आणि ऊसतोड्याचा मुलगा शेजारी शेजारी. दुसऱ्याच्या ताटात डोकावून बघावं असं काही तिथं नव्हतंच. कधी एखादी मुलगी अर्धी खिचडी खाऊन उरलेली डब्यात भरायची. विचारलं तर म्हणायची, घरी धाकटा आहे. अशा वेळी शंभर ग्रॅमचा हिशेब बाजूला ठेवून डाव आणखी एकदा फिरवावा लागतो. तो फिरवणारी बाई चांगली असली की ती शाळा चांगली, हे माझं अनुभवाचं मत आहे.

आज दिवस फिरलेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि आपल्या वस्त्यांवरही दुपारच्या डब्यात चपाती आली. शाळू आता गव्हापेक्षा महाग. २०२३ हे तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. माझा मुलगा पुण्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवतो. तिथं आठवड्यातून एकदा भाकरी मिळते आणि त्यासाठी रांग लागते म्हणे. मी त्याला म्हटलं, भाकरीसाठी रांगेत मीही उभा राहिलोय बाबा, फक्त ती लाल होती.

आता त्या तिसऱ्या बाकाकडे येतो, म्हणजे तुमची सुटका होईल.

तो मला सापडला. निवृत्तीच्या थोडं आधी, नवी मुंबईच्या बाजार समितीत. गावाकडच्या एकाने सांगितलं होतं, की तो तिथं माथाडी आहे. मी गेलो तेव्हा दुपारचा एक वाजत होता. गोण्यांच्या थप्पीला टेकून पाच-सहा जण जेवायला बसले होते. मला पाहून त्याने आधी नीट ओळख पटवली, मग सरकून जागा केली. डब्यात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, खर्डा. मी दोन घास खाल्ले आणि चाळीस वर्षं पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं. तो म्हणाला, "तू हसलास म्हणून शाळा सुटली नाही रे. आई खडीवर जायची, धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं." मला हलकं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पण हसला होतास, ते आठवतंय." आणि भाकरीचा दुसरा चतकोर माझ्या हातात दिला.

मग त्याने सरांची चौकशी केली. सर तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो बराच वेळ जेवला नाही.

या मेळाव्याची यादी तयार झाली तेव्हा मी शाळेत जाऊन आठवीचा हजेरीपट मागितला. दहावीच्या यादीशी ताडून पाहिला. मित्रहो, त्यातली बरीच नावं दहावीच्या यादीत नाहीत. काही दुष्काळात गेली, काही मुली लग्न होऊन गेल्या. ज्यांनी दहावीची परीक्षा दिली ते माजी विद्यार्थी, असं आपण धरून चाललो. लिंबाखाली जे आपल्याबरोबर जेवले त्यांना बोलवायचं आपल्याला सुचलं नाही. यात दोष संयोजकांचा नाही. मलाही हे फार उशिरा सुचलं. पुढच्या वेळी यादी आठवीच्या हजेरीपटावरून करावी, अशी मी सूचना मांडतो. पत्ते शोधायचं काम मी करीन. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?

एकाचा पत्ता मात्र माझ्याकडे होता. तो आज इथं आलाय. मागच्या रांगेत, खिडकीशीच बसलाय. नाव घेऊ नकोस, अशी त्याची अट होती, म्हणून घेतलं नाही. पण फाटकापाशी त्याच्या खिशाला बिल्ला लावलाय, त्यावर 'पाहुणे' असं लिहिलंय. स्वयंसेवकांना माझी विनंती आहे, जेवणाआधी तेवढा बदलून द्या. आपल्या सगळ्यांच्या बिल्ल्यावर 'विद्यार्थी' आहे, तसाच.

माझं बोलणं संपलं. घंटा द्या. आणि आज व्हरांडा आणि लिंब असं वेगवेगळं बसू नका.