बापाकडून मुलाला: शिंपल्यांनी मोडलेला नियम

आजच्या भागाची सुरुवात माझ्या चुकीने. डीएनए टेस्टवरच्या भागात मी अगदी ठासून म्हणाले होते, "मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. कायम." त्यावर एका श्रोत्याने दोनच शब्द पाठवले: "कायम? नक्की?"

तर नाही, कायम नाही. आणि हा नियम मोडणारा प्राणी बसलाय खडकाला चिकटून, समुद्राच्या पाण्यात. मसल! दंडातले नव्हेत हं. मसल म्हणजे शिंपल्यातला प्राणी. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचे थंड समुद्रातले भाऊबंद.

आधी थोडी उजळणी. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेतल्या पुस्तकातली तंतुकणिका. पेशीचं पॉवरहाऊस वगैरे, ते आठवत असेलच. तिच्याकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो. माणसात फक्त 37 जनुकं. शुक्राणूतही मायटोकॉन्ड्रिया असतात, पण सस्तन प्राण्यांत त्यांच्यावर आधीच एक रासायनिक खूण लागलेली असते: "हे मोडीत काढा." फलित झालेलं अंडं ती खूण वाचतं आणि त्यांचा निकाल लावतं. उरतो तो फक्त आईचा वारसा.

आता 1990 च्या सुमाराची गोष्ट. निळ्या मसलमध्ये, म्हणजे मायटिलस एड्युलिसमध्ये, शास्त्रज्ञांना एकाच प्राण्यात दोन वेगवेगळे मायटोकॉन्ड्रियल डीएनए दिसायला लागले. आणि तेही बहुतेक नरांमध्येच! 1994 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या गटांनी वेगवेगळं काम करून उत्तर दिलं. हॅलिफॅक्समध्ये ठरावीक नर-मादीच्या जोड्या लावल्या आणि पिल्लं तपासली. बापाचा डीएनए मुलांमध्ये सापडला, मुलींमध्ये नाही.

म्हणजे काय, तर इथे दोन घराणी चालतात. एक एफ, आईचं. आई ते मुलगी आणि मुलगा दोघांनाही देते. दुसरं एम, बापाचं. ते फक्त मुलाला मिळतं. मुलाच्या बाकी शरीरात मुख्यतः आईचं एफ असतं, पण त्याच्या शुक्राणूंत एम. म्हणजे पुढच्या पिढीला तो आईचं काहीच देत नाही, बापाचंच देतो.

हे घडतं कसं? मसलच्या शुक्राणूत साधारण पाच मायटोकॉन्ड्रिया असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना चमकणारा रंग देऊन पाहिलं. ज्या अंड्यातून मादी होणार, तिथे त्या पेशींमध्ये विखुरल्या जातात. ज्यातून नर होणार, तिथे त्या एकत्र घोळका करून राहतात आणि पुढे ज्या पेशींपासून जननग्रंथी बनते, तिकडे पोचतात. आणखी एक गंमत सांगते. मुलगा की मुलगी, यात मोठा वाटा आईचा दिसतो. काही माद्यांना कुठल्याही नराबरोबर जवळजवळ मुलीच होतात, तर काहींना बहुतेक मुलगेच.

आता विचाराल, की याने आपल्याला काय फरक पडतो? पडतो.

पहिलं, प्रजाती ओळखताना. डीएनए बारकोडिंगमध्ये बहुतेक वेळा याच मायटोकॉन्ड्रियातलं एक जनुक वाचतात. निळ्या मसलमध्ये एम आणि एफ यांच्यात सुमारे 20 टक्के फरक आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत साधारण 9 टक्के आहे, यावरून अंदाज घ्या! त्यात मसलची जननग्रंथी त्याच्या मऊ आवरणातही पसरलेली असते. नराच्या त्या भागातला तुकडा घेतला, तर एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होऊन बसतील. आणि गोड्या पाण्यातले शिंपले जगात अनेक ठिकाणी नष्ट होत चाललेत. कुठली प्रजाती वाचवायची हे ठरवताना असा घोळ परवडणार नाही.

दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं. आपल्यात पुरुषाच्या मायटोकॉन्ड्रिया पुढे जातच नाहीत. त्यामुळे फक्त पुरुषांना त्रास देणारा बिघड असेल, तर निसर्गाची चाळणी त्याला अडवत नाही, कारण तो बाईच्या वाटेने निवांत पुढे सरकतो. या कल्पनेला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय "मदर्स कर्स", आईचा शाप. लेबरचा आजार घ्या. यात डोळ्यांच्या नसा खराब होऊन तरुणपणीच दृष्टी जाते. बिघड आईकडून येतो, पण आजार मुलींपेक्षा मुलांना खूप जास्त होतो. मसलच्या एम घराण्याला मात्र प्रत्येक पिढीत नराच्याच शरीरात परीक्षा द्यावी लागते.

ते नाव मला स्वतःला अजिबात आवडत नाही. मूल आजारी पडलं की आईकडे बोट दाखवायला आपल्याकडे आधीच कारण लागत नाही. आईने काही निवडलेलं नसतं, मंडळी. तिला जे मिळालं, तेच तिने दिलं. शाप-बिप काही नाही, वाटणीची एक पद्धत आहे. आणि तीही एकमेव नाही, हे दोन कवचांतला एक प्राणी दाखवून देतोय.

तर माझं वाक्य दुरुस्त करते: माणसात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो. "कायम" हा शब्द मी मागे घेतला. असेच प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!