धरावें कसें, सोडावें कसें

ओल्या भिंतीवर खळीनें कागद चिकटवूं गेल्यास तो चिकटत नाहीं, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु डबक्यांत आणि ओढ्यांत राहणारे कित्येक चिमुकले जीव पाण्याखालींच चिकटतात. आणि त्याहून नवलाची गोष्ट ही, कीं जरूर पडेल तेव्हां ते सहज सुटतातहि. ही किमया त्यांना कशी साधते, तें आज पाहूं.

जळू सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या शरीराच्या दोन्ही टोकांस वाटीसारखा एकेक अवयव असतो. त्याची कडा दगडावर घट्ट टेकवून ती मधला भाग स्नायूंनीं वर ओढते. आंतील दाब कमी होतो आणि बाहेरच्या पाण्याचा दाब तिला दगडाशीं दाबून धरतो. स्नायू सैल सोडले, कीं पकड सुटली.

हायड्राची रीत निराळी. हा सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा, नळीसारखा प्राणी. हेग शहराजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकविणाऱ्या आब्राहाम त्रांब्ले या जिनीव्हाच्या गृहस्थानें १७४० पासून त्याचें बारकाईनें निरीक्षण केलें व १७४४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हायड्राच्या तळव्यांतील पेशींमधून एक चिकट द्रव्य स्रवतें. त्यावर तो उभा राहतो. जागा बदलावयाची असली म्हणजे तो वांकून आपले शुंडक खालीं टेकतो, तळवा सोडवितो आणि कोलांटी घेऊन पुढें जातो. डिंकाचा पातळ ठसा मात्र जुन्या जागीं राहून जातो. चिकटलेलें सोडविण्यापेक्षां तें मागें टाकून निघणें, हा त्याचा मार्ग.

आतां वाहत्या पाण्याकडे वळूं. सिम्युलियम नांवाच्या काळ्या माशीची अळी खळाळत्या प्रवाहांत राहते. ती तोंडांतून रेशीम काढून दगडावर त्याची लहानशी गादी विणते आणि शरीराच्या मागल्या टोकावरील बारीक आंकड्यांचें कडें तींत रुतविते. मग डोक्यावरचे पंखे पसरून वाहत येणारे अन्नकण गाळून खाते. संकट आलें तर आंकडे सोडून रेशमाच्या धाग्याला लोंबकळते.

ही पकड माणसाला फार महाग पडली आहे. आफ्रिकेंत याच जातीच्या माशांच्या चाव्यानें एका कृमीचा प्रसार होतो व त्यामुळें अंधत्व येतें. पश्चिम आफ्रिकेंतील कित्येक सुपीक नदीखोरीं याच भयानें ओस पडलीं होतीं. १९७४ मध्यें तेथें नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. नद्यांत विमानांतून अळीनाशक सोडण्यांत आलें. अळी जागा धरून बसते आणि पाण्यानें आणलेलें गिळते. म्हणून विष तिच्यापर्यंत पोहोंचविण्याचें काम प्रवाहानेंच केलें. २००२ मध्यें ही मोहीम संपली, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळ खोऱ्यांत पुन्हां शेती होत होती.

दगडावरच्या एका अळीची बैठक नीट समजून घेतल्यानें असंख्य लोकांची दृष्टि वांचली. क्षुद्र जीवांचा अभ्यास कशाला, असें विचारणाऱ्यास याहून निराळें उत्तर देण्याची आवश्यकता नाहीं.