दिवाळीनंतरचा चारा



दिवाळी आली की पडितातलं, धुऱ्यावरचं गवत पिवळं पडतं. कुसळीला कुसळं धरली की ढोरांच्या तोंडाला जखमा होतात. म्हणून ती फुलोऱ्यावर येताच कापा, सत्त्व तेव्हाच असतं. २-३ दिवस वाळवून गंजी लावा. पूर्वी ज्वारीचा कडबा भरपूर असे; आता वावरात सोयाबीन. नुसत्या कुटारावर दुभती गाय किती दिवस काढील?

पडिताचे ३-४ भाग पाडून पाळीपाळीनं चारा. गवत ४ बोटं राहिलं की ढोरं पुढच्या भागात हलवा. मुळापर्यंत खाल्लेलं गवत लवकर फुटत नाही.

विहिरीला पाणी असेल तर ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत २-४ गुंठे बरसीम पेरा. गुंठ्याला पाव किलो बियाणं पुरे. पहिली कापणी साधारण ५० दिवसांनी, पुढच्या ३-४ आठवड्यांनी. उपाशी ढोरापुढं ओलं बरसीम टाकू नका, पोट फुगतं. आधी कुटार द्या.

आणि एक. ज्वारी कापल्यावर धसकटांना कोवळे फुटवे येतात. हिरवे दिसतात, पण विषारी असतात. तिथं ढोरं सोडू नका. फुटवे खाऊन जनावर धापा टाकू लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा.