कढीलिंबाच्या पानावर प्रदेशाचा ठसा



निसर्ग-अभ्यासाचा विषय निघाला की शाळेत साधने नाहीत, ही अडचण आपण प्रथम मांडतो. आज ज्या साधनाविषयी बोलावयाचे आहे ते अंबरनाथ तालुक्यातील पुष्कळ परसांत, मोरीच्या पाण्याच्या कडेला, उभे आहे. ते म्हणजे कढीलिंबाचे झाड. बदलापूर-अंबरनाथच्या घरांत त्याची पाने आमटीच्या फोडणीत पडतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांनी जे नगर वसविले आणि ज्याला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, तेथील सिंधी घरांतही बेसनाच्या कढीला हीच पाने लागतात. असा हा मसाल्याचा वृक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे; तथापि त्याचे पान सर्वत्र सारखे नसते. ते का, हा आजचा प्रश्न.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करू. बाजारात आपण ज्याला कढीलिंबाचे पान म्हणतो, ती वस्तुतः पर्णिका होय. मधल्या शिरेसह संपूर्ण काडी म्हणजे एक संयुक्त पान. त्यावर बहुधा ११ ते २१ पर्णिका असतात. काडीच्या तळाकडील पर्णिका लहान असतात, म्हणून तुलना करताना नेहमी मधलीच पर्णिका घ्यावी. ती उजेडासमोर धरली असता बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. सुगंध तेथूनच येतो. असेच ठिपके लिंबाच्या पानातही दिसतात, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. कडुलिंब मात्र निराळ्या कुळातील आहे.

आता प्रदेशाकडे वळू. कढीलिंब हा मूळचा अरण्यवासी आहे. सह्याद्रीच्या पानझडी वनांत तो उंच वृक्षांच्या छायेत वाढतो. छायेत उजेड थोडा. म्हणून पान पसरट आणि पातळ होते. जितके क्षेत्र अधिक, तितका प्रकाश अधिक गोळा होतो. तेच झाड उघड्या माळावर असेल तर प्रकाशाची वाण नसते, पण ऊन आणि वारा पानातील पाणी शोषून नेतात. मोठे पान स्तब्ध हवेत लवकर तापते. लहान पानावरील उष्णता वाऱ्याबरोबर सहज निघून जाते. म्हणून उन्हातील पान लहान, जाड आणि चिवट होते. एकाच झाडाच्या शेंड्यावरील आणि आतल्या फांदीवरील पानांतही हा भेद आढळतो.

पावसाचा प्रभावही असाच. आपल्या भागात चार महिन्यांत विपुल पाऊस पडतो. त्या काळात फुटलेल्या कोवळ्या पानास पाणी मुबलक मिळते व ते मोठे होते. सह्याद्री ओलांडून पुण्याकडे गेले की आपण पर्जन्यछायेत येतो. तेथे पाऊस पुष्कळ कमी आणि हवा कोरडी. विनापाण्याच्या झाडाची पाने तेथे आखूड राहावीत, हे ओघानेच आले. तपमानाचेही तसेच. बदलापूर समुद्रापासून दूर असल्याने तेथील हिवाळी रात्री मुंबईहून गार असतात, आणि तपमान साधारणतः १६ अंश सेल्सियसखाली गेले की कढीलिंबाचे नवे कोंब फुटणे मंदावते.

येथवर सर्व श्रेय हवामानाला दिले. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या दोन वाणांपैकी धारवाड-१ थंडीत फुटत नाहीसा होतो, तर धारवाड-२ ला थंडी तितकी बाधत नाही. हवा एकच, वागणूक भिन्न. म्हणजे हा भेद बीजातील आहे. मग एखादे पान लहान आहे ते परिस्थितीमुळे की वंशामुळे, हे ओळखावे कसे? नुसत्या पाहण्याने ते कळत नाही. स्वीडनचे ट्युरेसन यांनी निरनिराळ्या ठिकाणची रोपे एका बागेत लावून हा प्रश्न सोडविला आणि १९२२ मध्ये स्थानानुरूप वंशांची कल्पना मांडली. पुढे कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक व हीसी यांनी एकेका रोपाचे तुकडे करून ते समुद्रकाठाजवळ, १४०० मीटरवर आणि ३००० मीटरहून अधिक उंचीवर लावले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की स्थानाप्रमाणे रोप बदलते खरे, परंतु उंचीवरचा वंश खाली आणला तरी बुटकाच राहतो.

हा प्रयोग आपल्या शाळेत करता येतो, कारण कढीलिंबाच्या मुळांतून फुटवे निघतात. एका झाडाचे सर्व फुटवे वंशाने एकच असतात. जूनमध्ये असे चार फुटवे सारख्या मातीच्या डब्यांत लावावेत. दोन आंब्याच्या छायेत, दोन उघड्यावर ठेवावेत. पाणी सर्वांस सारखे घालावे. येथे दिसेल तो भेद परिस्थितीचा. दुसऱ्या वाफ्यात डोंगराकडच्या पाड्यावरील आणि नदीकाठच्या गावातील चार-चार झाडांचे फुटवे शेजारी लावावेत. एका वर्षानेही ज्या दोन गटांत भेद टिकेल, तो बहुधा वंशाचा. लावणीनंतर फुटलेली पानेच मोजावीत. जुनी पाने जुन्या जागेची साक्ष देतात. दहा पानांच्या मधल्या पर्णिकेची लांबी, रुंदी व पर्णिकांची संख्या नोंदवून सरासरी काढली की गणिताचा पाठही त्यातच होतो.

या सर्वांत एक गोष्ट माझ्या मते फार मोलाची आहे. पाड्यावरून येणारा मुलगा जे पान आणतो ते पाठ्यपुस्तकातील चित्राशी जुळत नाही, आणि आपण चटकन म्हणतो, "हे चुकीचे आहे." चित्र एका झाडाचे, एका जागेचे, एका ऋतूचे असते. मुलाच्या हातातील पानही तितकेच खरे असते, आणि त्याच्या गावची हकिगत सांगत असते. ते नाकारले की मुलाचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो, आणि तो गेला की शास्त्र शिकविण्यास काही उरत नाही. म्हणून अशा वेळी एवढेच विचारावे: "हे झाड कोठे उभे आहे, तेथे ऊन किती येते, आणि पाणी कोण घालते?" उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. पुढचा पाठ त्या वहीतूनच निघेल.