जुना संगणक : ठेवावा की मोडीत काढावा?



या व्यासपीठावरून कोणी अद्वैतावर बोलले असतील, कोणी राज्यघटनेवर. आमचा विषय त्या मानाने फार खालच्या पायरीवरचा आहे. कचेरीत दहा-बारा वर्षे राबलेला टेबलावरचा संगणक दुरुस्त करून पुन्हा कामाला जुंपावा की भंगारात द्यावा, एवढाच आमचा प्रश्न. परंतु हा प्रश्न दुसऱ्याच्या पैशाने सोडवावयाचा असला म्हणजे तो लहान राहत नाही. कामगार संघटनेच्या तिजोरीतला रुपया वर्गणीचा असतो. तो खर्च करताना आमच्या डोळ्यांपुढे पावतीपुस्तक येते आणि त्या पावतीवरचा अंगठा येतो.

कामगार चळवळीतली माणसे संगणकाची वकिली करू लागली याचे काहींना हसू येईल. १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसवू देणार नाही म्हणून मोठा लढा दिला होता. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. त्या वडीलधाऱ्यांची भीती खुळी होती असे आम्ही मानत नाही. यंत्र आले की माणूस जातो, हे त्यांनी पाहिले होते. पण आज परिस्थिती अशी आहे की, भविष्य निर्वाह निधीतले स्वतःचे पैसे काढावयाचे तरी अर्ज संगणकावरून करावा लागतो. ई-श्रमची नोंदणी २०२१ पासून तशीच. ज्याच्या हाताशी संगणक नाही तो कोपऱ्यावरच्या दुकानात एका अर्जाला शंभर-दोनशे रुपये मोजतो आणि आपला पासवर्डही तिथेच ठेवून येतो. म्हणून युनियनच्या कचेरीत चालता संगणक असणे ही चैन नव्हे.

२०२५ च्या दिवाळीनंतर एका कंपनीने आम्हांला चौदा जुने संगणक देऊ केले. कंपनीला दानाची उबळ एकाएकी आली नव्हती. विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेची दुरुस्ती पुरवणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. मुदतवाढ आहे, पण ती थोडी आणि अटींची. विंडोज ११ घालावयाची तर इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चकती लागते. त्यामुळे आदल्या दिवशीपर्यंत बिनतक्रार चालणारी यंत्रे दुसऱ्या दिवशी ‘बाद’ ठरली. आम्हांला हे नवे नाही. अठ्ठावन्न पुरी झाली की हात कितीही चालत असले तरी माणसाला निरोपाचा नारळ देतात, त्यातलाच हा प्रकार. काम आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मालकाला पटवण्यात आमची हयात गेली. ते यंत्राच्या बाबतीत आम्हीच विसरणे शोभले नसते.

परंतु याची दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या कार्यकारिणीत एका भगिनीने मांडली. मुंबईच्या गिरण्यांनी टाकलेले जुने माग भिवंडीला गेले, हे आपणांस ठाऊक आहे. माग जुनाच, पण त्याच्यावर राबणाऱ्याची मजुरी गिरणीतल्यापेक्षा कितीतरी कमी. तेव्हा जुने यंत्र गरिबाच्या दारात येते ते नेहमीच पुण्य घेऊन येते असे नाही. ती म्हणाली, “साहेब लोकांच्या पोरांना नवे, आणि आमच्या पोरांनी हे खोके घासत बसायचे का?” हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आम्ही ठरवले की, जे यंत्र कंपनीच्या कारकुनाला आज काम करताना चालले असते तेच ठेवायचे. बाकी फुकट मिळाले तरी नको.

आता तपासणी. लोक पहिल्याने विचारतात, “चालू होतो का?” आमच्या मते हा पहिला प्रश्नच नव्हे. यंत्र कोणत्या पिढीचे आहे, हे आधी पाहावे. चौदांपैकी तीन कोअर टू ड्युओ जातीचे, म्हणजे २००८-०९ च्या सुमाराचे. त्यांच्यातली मेमरी डीडीआर २ प्रकारची. ती आता जुन्या बाजारातच शोधावी लागते, आणि पुढच्या पिढीच्या यंत्रात तिची पट्टी बसत नाही, कारण पट्टीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. ही तिन्ही यंत्रे सुरू होत होती. तरीही ती आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढली. आठ यंत्रे कोअर आय ५ च्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची, म्हणजे २०१२-१३ ची, आणि तीन सहाव्या पिढीची, २०१५ नंतरची. चार गाभ्यांचा, तीन गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर अर्ज भरण्याला, पत्रे लिहिण्याला, हिशेब ठेवण्याला आणि मुलांनी व्हिडिओवर धडा पाहण्याला आजही पुरून उरतो. कचेरीचा संगणक थकतो तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हे.

मग कशामुळे? झाकण उघडले की उत्तर सापडते. पहिली गोष्ट धूळ. पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या जाळीत तिचा नमदा बसलेला असतो. हवा फिरत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला जपण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. ब्रश आणि फुंकणी घेऊन अर्धा तास बसले, वाळून खडू झालेला उष्णतेचा लेप पुसून नवा लावला, की यंत्र पुन्हा मोकळा श्वास घेते. दुसरी, मदरबोर्डावरचे छोटे नळकांड्यासारखे कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट असावा. तो पुरीसारखा फुगला असेल किंवा तपकिरी रस पाझरला असेल, तर आमच्यासारख्यांनी हात जोडावेत. ते बदलणारे कारागीर आहेत, पण त्यांची मजुरी द्यायची तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आमच्या आठांपैकी एक यंत्र असे निघाले. तिसरी, रुपयाएवढी बटन बॅटरी, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. संगणक दर वेळी तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की बँकेची आणि सरकारची संकेतस्थळे उघडत नाहीत. लोक म्हणतात, “मदरबोर्ड गेला.” काही वेळा गेलेली असते ती ही टिकली. किंमत चहा-पोह्याएवढी.

पॉवर सप्लायबद्दल एक सावधगिरी सांगतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या काही ब्रँडेड यंत्रांत त्याची जोडणी बाजारातल्या नेहमीच्या चोवीस पिनांची नसते, आठ पिनांची असते. तो जळाला तर लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात पहिला हाती लागेल तो आणून चालत नाही. त्याच जातीचा शोधावा लागतो. म्हणून एकसारखी यंत्रे एकगठ्ठा मिळाली तर त्यांची किंमत सुट्या यंत्रांपेक्षा जास्त धरावी, कारण एक मेले तर त्याचे अवयव दुसऱ्याला लागतात. आमच्या फुगलेल्या कपॅसिटरवाल्याने मरता मरता दोन भावंडांना मेमरीच्या पट्ट्या दिल्या. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढू लागले होते, तेव्हा ही देणगी लहान नव्हती. घेतलेली पट्टी मात्र रात्रभर तपासणीवर लावून पाहावी. मेमरी बिघडली की यंत्र वेड्यासारखे वागते आणि दोष सगळ्यांवर जातो.

खरा रोग हार्ड डिस्कचा. तिच्या आत एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत फिरते आणि एक सुई अक्षर शोधत हिंडते. प्रत्येक शोधाला तिला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही; तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. विंडोज उघडताना असे हजारो शोध होतात, आता गुणाकार आपणच करा. आमच्या यंत्रांना सुरू व्हायला चार मिनिटे लागत. एसएसडी बसवल्यावर पाऊण मिनिट. सुमारे दोन हजार रुपयांत याहून मोठा फरक पाडणारी दुसरी वस्तू आम्हांला माहीत नाही. ज्यांना एकच गोष्ट बदलणे परवडते त्यांनी हीच बदलावी.

प्रणालीचा प्रश्न आम्ही लिनक्स मिंट घालून सोडवला. ती फुकट आहे, चार गिगाबाइट मेमरीत नीट चालते, आणि तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्टची कळपाटी तिच्यात असतेच. दोन अडचणी आल्या त्याही सांगतो. युनियनची वीस वर्षांपूर्वीची परिपत्रके जुन्या फॉन्टांत टंकलेली होती. तो फॉन्ट नसला की ‘कामगार’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती एकेक करून युनिकोडमध्ये आणावी लागली. दुसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनाची. आमचे टोकन लिनक्सवर चालेना, तेव्हा त्या एका कामासाठी आठव्या पिढीचा एक संगणक हमीसकट विकत घेतला. हट्टाने सगळे जुन्यावरच करू, असे म्हणणारे आम्ही नव्हेत.

आता पैशाचा हिशेब. येथे लोक नव्या संगणकाची किंमत समोर ठेवतात: नवा तीस-चाळीस हजारांचा, दुरुस्ती पाच हजारांची, म्हणजे फायदाच फायदा. हा तराजू आम्हांला मान्य नाही. तुलना करावयाची ती बाजारात दुरुस्त करून सहा महिन्यांच्या हमीने विकल्या जाणाऱ्या तशाच जुन्या यंत्राशी. त्याच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च आपल्या दुरुस्तीला येत असेल तर आपण दुकानदाराचे काम त्याच्या हमीशिवाय करत आहोत. कार्यकारिणीने दर यंत्रामागे साडेतीन हजारांची मर्यादा घातली.

त्या हिशेबात आम्ही मजुरी धरली, आणि यावर वाद झाला. आमच्या सभासदांपैकी एक तरुण कंत्राटी कामगार संगणक दुरुस्तीत वाकबगार आहे. “तो आपलाच मुलगा, दोन रविवार करील,” असे काहींचे म्हणणे. जन्मभर जादा कामाचा दुप्पट दर मागणाऱ्या संघटनेने आपल्याच माणसाचा रविवार फुकट घ्यावा, हे आम्हांला पटेना. त्याला यंत्रामागे चारशे रुपये दिले. ते धरूनही खर्च तीन हजारांच्या आत राहिला. दुरुस्तीचे पुष्कळसे हिशेब किफायतशीर दिसतात ते कोणाचा तरी वेळ शून्य धरल्यामुळे.

विजेचेही पाहावे. जुने यंत्र नव्यापेक्षा पन्नास वॅट जास्त खात असेल, दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालत असेल, तर १२० युनिट जादा झाले. युनिटला दहा रुपये धरले तर बाराशे. कोअर टू ड्युओवाले आम्ही काढले त्याला हेही एक कारण होते. उलट बाजूला हेही ध्यानात घ्यावे की, नवा संगणक घडवतानाच फार मोठी किंमत मोजलेली असते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या वीसेक वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासात एक संगणक आणि त्याचा जुन्या धर्तीचा काचेचा पडदा बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागते असा हिशेब मांडला होता.

डिस्कांची गोष्ट सांगायची राहिली. कंपनीने यंत्रे दिली ती तशीच, आतले काही न पुसता. पहिलेच यंत्र सुरू केले तो पडद्यावर पगारपत्रकांचे फोल्डर: नावे, खाते क्रमांक, पॅन क्रमांक. मालकाविरुद्ध वापरता येईल असे काही त्यात असेलही. एका सभासदाने “बघू तर खरे” म्हटले. आम्ही बघू दिले नाही. ती कागदपत्रे मालकाची असतील, पण नावे कामगारांची होती. नुसते ‘फॉरमॅट’ केल्याने माहिती जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. म्हणून प्रत्येक डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत शून्यांनी भरून काढली. एकेका डिस्कला काही तास लागले. कंपनीला तसे पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

चौदांतली दहा यंत्रे आज चालू आहेत: चार कचेरीत, सहा सभासदांच्या मुलांच्या अभ्यासिकेत. उरलेली चार भंगारात द्यावयाची होती. भंगारवाल्याने दिलेला भाव नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यापेक्षा अधिक होता. तो अधिक का देऊ शकतो, याचे उत्तर उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला मिळते. तिथे सर्किटचे पत्रे उघड्यावर जाळून आणि तेजाबात बुडवून तांबे-सोने काढत, आणि तो धूर मजुरांच्या छातीत जाई. सभेत हात वर करून मत घेतले. सात विरुद्ध चार. यंत्रे कारखान्याला गेली, कमी पैशांत, पावती घेऊन. ती पावती त्याच महिन्याच्या जमाखर्चात लावली आहे, आणि विरुद्ध मत देणाऱ्या चौघांची नावे त्यांच्याच आग्रहावरून इतिवृत्तात लिहिली आहेत.