मधुमेह, वजन आणि ताटातील माप



मधुमेह हा शहरातील, बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू माणसांचा विकार होय, ही समजूत फार जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात ती आजही ऐकू येते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हाच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दर शंभर प्रौढांमागे सहा ते सात मधुमेही आढळले होते.

सडपातळ शरीर, तरीही चरबी

‘माणूस अंगाने बारीक आहे, त्याला कसला मधुमेह?’ असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दिले आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी होते. परंतु त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. ही चरबी पुढे पोटाभोवती साठते, यकृतात शिरते आणि इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. म्हणून भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनावर विसंबून चालत नाही. कमरेचा घेरही मोजावा लागतो. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधानतेची मर्यादा होय.

वजन उतरते तेव्हा

पोटाभोवतीची चरबी घटली की इन्सुलिन पुन्हा प्रभावी होऊ लागते. ज्याचे वजन मुळात अधिक आहे, त्याने ते पाच ते सात टक्के उतरविले, तरी साखरेत लक्षणीय सुधारणा होते. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हे प्रमाण साडेतीन ते पाच किलो भरते. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मधुमेह जडून सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या स्थूल रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली मोजका आहार देण्यात आला. वर्षाअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. दोन वर्षांनी मात्र हे प्रमाण ३६ टक्क्यांवर उतरले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मधुमेह मागे हटू शकतो. परंतु वजन पुन्हा वाढू दिल्यास तो परत येतो.

घरचे अन्न, पण मोजून

पूर्णेच्या खोऱ्यात काय किंवा घाटावर काय, ज्वारीची भाकरी, तुरीचे वा मुगाचे वरण, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या हा जिल्ह्याचा पिढीजात आहार. पुढे सोयाबीनचा पेरा वाढला, ज्वारी मागे पडली आणि ताटात गहू-तांदूळ अधिक आले. ज्वारीकडे पुन्हा वळणे चांगलेच. तथापि ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यातही सुमारे दोन तृतीयांश पिष्टमय पदार्थ असतात. भाकरी पथ्याची म्हणून चार खाल्ल्या, तर साखर वाढणारच. अर्ध्या ताटात भाजी व कोशिंबीर, पाव ताटात वरण, उसळ किंवा पिठले आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी, पोळी वा भात, असे साधे माप ठेवावे. सणावारी रोडगे वा पुरणपोळी झाली, तर त्या वेळची भाकरी व भात वगळावा.

उपवासाच्या दिवशी पोटाला विश्रांती मिळते, असे मानले जाते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट असून तो रक्तातील साखर झपाट्याने वाढवितो. चहाचेही तसेच. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांतून पन्नास ग्रॅम साखर आणि सुमारे दोनशे उष्मांक नकळत पोटात जातात. साखरेऐवजी गूळ घातल्याने त्यात फरक पडत नाही. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात.

सावधगिरी

आहार घटविताना औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, तशीच ती पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवून उपासही करू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्याला ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व दवाखान्यात न्यावे. दुसरा धोका पायांचा. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावते. काळ्या मातीत अनवाणी राबणाऱ्या शेतमजुराला काटा रुतल्याचे कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. त्या कुटुंबाची मजुरीही त्याबरोबर जाते. म्हणून रोज रात्री तळपाय पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे.

गावाचे कर्तव्य

मधुमेह पुष्कळदा वर्षानुवर्षे लक्षणांवाचून वाढतो, तो तपासणीतच सापडतो. तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती आशा कार्यकर्ती भरून घेते. तपासणीची सोय उपकेंद्रे, आयुष्मान आरोग्य मंदिरे व प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरीचा निर्देशांक ६.५ टक्के किंवा अधिक आढळल्यास, पुन्हा तपासणी करून निदान निश्चित केले जाते. ग्रामसभेच्या दिवशी वजनकाटा व मोजपट्टी उपलब्ध करणे, पंचायतीच्या बैठकीत बिनसाखरेचा चहा ठेवणे, स्त्रियांना पहाटे-सायंकाळी निर्धास्त चालता येईल असा उजेडाचा रस्ता करणे, शाळेत ताटाचे माप शिकविणे, या कामांना मोठा खर्च लागत नाही. गर्भवती मातेच्या पोषणाकडे लक्ष देणे हाही पुढील पिढीच्या मधुमेहावरील प्रतिबंधच होय.

पदाधिकारी व शिक्षक यांनी स्वतःच्या कमरेला प्रथम मोजपट्टी लावावी. गाव उपदेशापेक्षा उदाहरणाने लवकर शिकते.