ताटं मांडायची वेळ

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'बालसंगोपन' हा विषय दिला, तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, "आता या वयात कशाला?" बाक बदलले तरी कुजबुजणारे तेच आहेत! पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी मी ऐकते आहे. साखर, गुडघे आणि नातवंडं, याखेरीज चौथा विषय निघालेला नाही. साखर आणि गुडघे आपल्यातले डॉक्टर बघतील. तिसरा विषय मी घेते.

बत्तीस-तेहतीस वर्षं मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते. गावात आम्हाला मुख्यसेविका म्हणत. पंचवीसेक अंगणवाड्या, एस.टी.चा प्रवास, वजनकाटा, लसीकरणाचे दिवस, श्रेणी तीन-चारच्या मुलांच्या याद्या आणि रजिस्टरं. गृहभेटीला गेले की आयांना सांगायचे, "बाळाशी बोलत जा गं. भाकरी थापताना बोल, अंघोळ घालताना बोल." त्या हसायच्या. म्हणायच्या, "त्याला काय कळतंय, बाई?"

आता घरचं सांगते. माझा नातू पुण्यात वाढतो. तो सव्वादोन वर्षांचा झाला तरी 'आई' आणि 'नको' यांपलीकडे शब्द नव्हता. दोन वर्षांच्या सुमाराला मूल दोन शब्द जोडायला लागतं, 'पाणी दे', 'बाबा गेले' असं. हे मी शेकडो बैठकांत सांगितलेलं. तरी घरात मीच म्हणत राहिले, "याचे बाबापण उशिराच बोलले." शेवटी सुनेनेच त्याला डॉक्टरांकडे नेलं. आधी कानांची तपासणी झाली, कान चांगले होते. मग वाचा-उपचार सुरू झाले.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बोलून गेले, "जेवताना मोबाइल देता ना, त्याचं हे फळ." सून शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही अख्ख्या तालुक्याला शिकवलंत. पण इथे येता तेव्हा जेवणाच्या वेळी मालिका कोण लावतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मालिका मीच लावत होते. तो घास घेत होता, मी पडद्याकडे बघत भरवत होते. अर्ध्या तासात आमच्यात एक शब्द होत नव्हता. मोबाइलमुळेच त्याचं बोलणं लांबलं, असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. उशिरा बोलण्याला कारणं अनेक असतात. पण त्या घरात त्याच्याशी बोलायच्या वेळा आम्ही सगळ्यांनी मिळून संपवल्या होत्या, हे खरं.

तेव्हा मला कोसबाड आठवलं. डहाणू तालुक्यातल्या त्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम उभं केलं. त्याआधी, १९४५ मध्ये, बोर्डीला सुरुवात झाली होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. महागडी साधनं नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं. मुलांना अंघोळ घालणं, नखं काढणं, केस विंचरणं हाही शिक्षणाचाच भाग. सरकारी योजना १९७५ साली आली. आमच्या नोकरीत आहार आणि वजन यांनाच इतका वेळ लागायचा, की हा दुसरा अर्धा भाग बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जाई. त्यात चूक माझीही होती.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आम्हाला वेगळं खेळणं आणायला सांगितलं नाही. घरात रोज काय काय होतं, ते लिहून आणायला सांगितलं. आम्ही यादी केली. तेल लावणं, अंघोळ, वाळत घातलेले कपडे काढणं, मटार सोलणं, ताटं मांडणं, देवापाशी दिवा, झोपणं. त्या म्हणाल्या, यातल्या दोन गोष्टी निवडा आणि रोज त्याच वेळी, त्याच शब्दांत करा.

आम्ही ताटं मांडणं आणि झोपणं निवडलं. ताटं मांडायची म्हणजे काय, तर त्याच्या हातात वाट्या द्यायच्या. "ही आजीची. ही बाबांची. आता कुणाची?" आणि मग थांबायचं. हे थांबणं फार अवघड आहे हो! आपल्याला उत्तर सांगून मोकळं व्हायची सवय. मनात दहापर्यंत मोजायचं. त्याने नुसतं बोट दाखवलं तरी ते उत्तर मानायचं आणि त्याला शब्द जोडून द्यायचा, "हां, आईची!" एका ताटाला एक वाटी, हेच त्याचं पहिलं गणित. वाट्या पडतात, आवाज होतो. स्टीलच्या आहेत, पडू द्या.

झोपेचं वेळापत्रक बसवायला जास्त त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप हवी. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चारमध्ये दिवसाला एक तासाच्या वर नको. आमच्याकडे बाबा साडेनऊला घरी येणार, म्हणून पोरगं अकरापर्यंत जागं. आता बाबा सकाळची अंघोळ घालतात आणि रात्री साडेआठला दिवा बंद होतो. पहिला आठवडाभर रडारड झाली. मीसुद्धा चिडले, कारण माझी मालिका साडेआठलाच असते.

इथे बसलेल्या आजी-आजोबांना एक विनंती. सुनेला आणि लेकीला सल्ला देण्याआधी आठ दिवस आपला स्वतःचा फोन जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. ती दोघं नोकरी करून, ट्रॅफिकमधून दमून येतात. आपल्यापाशी जे आहे ते वेळ. आणि मूल बोलत नाही, नजर देत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, असं वाटलं तर "होईल हळूहळू" म्हणू नका. मी म्हटलं, त्यात आमचे काही महिने गेले.

तो आता साडेतीन वर्षांचा आहे. बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. उपचार चालू आहेत. 'र' म्हणता येत नाही, वाक्यं तुटक आहेत. गेल्या रविवारी सून आजारी होती, पडून होती. त्याने स्वतःहून ताटं मांडली. तीन ताटं, तीन वाट्या. मग उभा राहून बघत बसला, आणि चौथी वाटी घेऊन आतल्या खोलीत गेला. म्हणाला, "आई, तुझी."

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि मागून मसालेभाताचा वास येतो आहे. थांबते.